भाजलेलं बोट

आई गेल्यानंतरच्या सोळाव्या दिवसाच्या विधीच्या आदल्या सकाळी अत्तैनं, म्हणजे अप्पांच्या थोरल्या बहिणीनं, माझा उजवा हात धरून उजेडात नेला. तर्जनीच्या पेरावर चामखीळ होती. आईच्या आजारपणात आलेली. चामखिळीकडे बघायला मला सवड झाली नव्हती.

"एवढी पुस्तकं वाचलीस, आणि बोटावर फ्लॉवर उगवलाय तो दिसला नाही होय?"

मग स्वयंपाकघरातल्या बायकांना ऐकू जाईल अशा बेतानं तिनं सांगितलं की, असलं बोट बुडालेलं कुळंबू, म्हणजे आमच्याकडची आमटी, मयिलाडुतुरै गावात कुणी पानात घेणार नाही. उद्याचा स्वयंपाक तिची सून करील.

मला आईच्या तसबिरीपुढे तिच्याच पद्धतीचं चिंचेचं कुळंबू ठेवायचं होतं. दुसरं काही मागणं नव्हतं. आईच्या हातचं अत्तै कधी जेवली नाही. आता अत्तैच्या घरचं आईपुढे वाढायचं, हे माझ्या घशाखाली उतरत नव्हतं.

मी म्हटलं, मग काढून टाका. तुम्हाला येतं ना.

येत होतंच. गल्लीतल्या कितीतरी चामखिळी तिनं जाळल्या होत्या. पानाच्या डब्यातला चुना तिनं धुण्याच्या सोड्यात कालवला आणि झाडूच्या काडीनं बोटावर ठेवला. आधी भोवतीच्या कातडीला खोबरेल चोळायचं असतं, नाहीतर चुना पसरतो. तेलाची वाटी तिच्या गुडघ्यापाशीच होती. मी वाटीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तिनं नजर वळवली नाही.

"झोंबतंय?"

"नाही."

दुपारपर्यंत अर्धं पेर सोलून निघालं. अप्पांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, अत्तैनं औषध लावलंय. बहिणीपुढे ते जन्मभर गप्पच बसत आले होते.

दुसऱ्या दिवशी अंघोळ करून मी चुलीकडे गेले, तर सून चिंच कोळायला बसली होती. अत्तै दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, असल्या हातानं? मी बोट पुढे केलं. चामखिळीच्या जागी काळा चट्टा होता.

"चामखीळ गेली, अत्तै. हे भाजलंय. भाजलेल्या हाताचं खाणार नाही म्हणालात, तर या गावात उपाशी राहाल."

बायकांतलं कुणीतरी हसलं. सुनेनं मान वर न करता चिंचेचं भांडं माझ्याकडे सरकवलं. तिच्या मनगटावर तव्याचे डाग होते.

चिंचेचं पाणी सोललेल्या कातडीला लागलं आणि डोळे भरून आले. अत्तै बघत होती, म्हणून मी ते पुसले नाहीत.

तसबिरीपुढच्या पानात पहिली पळी मी ओतली. पंगतीत अत्तैनं कुळंबू नको म्हटलं आणि भातावर ताक घेतलं. मी आग्रह केला नाही. पुढच्या पानाकडे वळले.