ताईची किडनी

ताईने धाकट्या भावाला किडनी दिली आणि तेव्हापासून घरातल्या सगळ्यांचा जीव त्या किडनीत अडकला. धाकट्याचं सोफे दुरुस्तीचं दुकान. ताई मागच्याच गल्लीत राहायची, पण रोज सकाळी फोन करून विचारायची, "कशी आहे?" कसा नव्हे, कशी. रिपोर्ट चांगला आला की हिच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. भावजय हसून म्हणायची, "ताई, तुमची लाडकी मजेत आहे. तिच्यासोबत राहणाराही बरा आहे हं."

त्यामुळे त्याचं नाक चोंदलं तेव्हा कोणी मनावर घेतलं नाही. "सर्दीच ना? लघवी नीट होतेय? मग झालं तर," ताई म्हणाली. गाल बधिर वाटतो म्हणाला, तर म्हणे दाढ किडली असेल. नाकातून काळी खपली पडली, ती मात्र त्याने कोणाला दाखवलीच नाही. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या तर ताईच्या किडनीचं काय, ही धास्ती.

मग एका सकाळी सुजून मिटलेला उजवा डोळा घेऊनच तो तिच्या दारात उभा राहिला. तशीच चपला अडकवून ताई त्याला दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी नाकात नळी घालून पाहिलं. "सायनसमध्ये बुरशी आहे. डोळ्याकडे सरकतेय."

ताईला कळेना. बुरशी शिळ्या पावावर येते, ओल्या भिंतीला येते. जित्याजागत्या माणसाच्या नाकात कशी येईल?

"शरीराने किडनी नाकारू नये म्हणून गोळ्या देतो ना, त्यांनी प्रतिकारशक्ती दबते. बुरशीचं फावतं," बाई म्हणाल्या. "आजच ऑपरेशन करून सडलेला भाग काढावा लागेल. त्या गोळ्याही कमी करायच्या. बुरशीचं औषधही जहाल. किडनी टिकेल असं मी सांगू शकत नाही, पण थांबलो तर हे वाचणार नाहीत. सही करा."

धाकट्याने पेन घेतलं नाही. "किडनी ताईची आहे. तिला विचारा."

ताईला कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. मरायला टेकलेला माणूस परवानगी मागत होता. आणि हे त्याला शिकवलं कोणी? तिनेच, रोज सकाळी फोन करून.

"खड्ड्यात गेली ती किडनी," ती रडत म्हणाली. "मला तू हवास. कर सही."

त्याने उघड्या डोळ्याने तिच्याकडे पाहिलं.

"नक्की ना, ताई? नंतर रागावणार नाहीस?"