जमीन मऊ होईपर्यंत

मारिविक गेली त्या दुपारी मी शाळेच्या व्हरांड्यात लादी पुसत होतो. वृद्धाश्रमातून डोलोरचा फोन आला. गावातले आम्ही सगळे फिलिपिनो तिला मनांग म्हणतो, म्हणजे थोरली बहीण. ती म्हणाली, "क्रिसांतो, आधी खाली बस." मी बसलो नाही. एका आजोबांना सूप भरवता भरवता मारिविक कोसळली होती. डोक्यातली नस फुटली. ती पुन्हा उठली नाही.

मॅनिटोबा प्रांतात म्हाताऱ्यांची देखभाल करणारी माणसं कमी पडतात. म्हणून इथे कायमचं राहण्याचा आमचा अर्ज तिच्या कामावर होता. मी त्यात फक्त नवरा. ती गेली आणि अर्जही संपला. माझा कामाचा परवाना मार्चअखेरपर्यंतचा. जानेवारीत इथली जमीन दगडासारखी होते, त्यामुळे आमच्या गावात हिवाळ्यात कबर खणत नाहीत. शवपेटी दफनभूमीतल्या थंड खोलीत ठेवतात आणि मे महिन्यात पुरतात. म्हणजे तिला माती द्यायच्या आधीच मला देश सोडावा लागणार होता.

शेवटच्या प्रार्थनेनंतर आम्ही निघालो. आमच्यात मयताहून सरळ घरी जात नाहीत, वाटेत कुठेतरी थांबतात. नाहीतर गेलेलं माणूस मागोमाग घरी येतं. मला तर तिने यावंच असं वाटत होतं, पण मनांगपुढे कोण बोलणार? बर्फाच्या वादळामुळे कॉफीचं दुकान बंद होतं. हमरस्त्यावर एकाच ठिकाणी दिवा दिसला. तो हेन्री पेनरचा ट्रॅक्टर दुरुस्तीचा कारखाना. मनांगने आमच्या पाचही गाड्या आत घ्यायला लावल्या.

काळ्या कपड्यांतली एवढी माणसं बघून पेनर गांगरला. "कोणाची गाडी बिघडली?"

"कोणाचीच नाही," मनांग म्हणाली. "आम्ही नुसते थांबलोय. सरळ घरी जायचं नसतं."

"बरं. बसा मग. त्या डब्यावर नको बाई, त्यात ग्रीस आहे."

त्याने कॉफी केली. अगदी पाणचट. मी भिंतीशी उभा होतो. समोर पेरणीयंत्राचा मोडका दांडा पडला होता. मी त्याच्यावरून हात फिरवला.

"वसंतापर्यंत असाच पडणार तो," पेनर म्हणाला. "वर्षभर वेल्डर शोधतोय. एक आला, थंडी बघून पळाला."

"आमचा क्रिसांतो इलोइलोच्या गोदीत जहाजं जोडायचा," मनांग म्हणाली.

"मग इतके दिवस होता कुठे?"

"शाळेत. लाद्या पुसत."

सगळे हसले. त्या आठवड्यात मीही पहिल्यांदाच हसलो. माणसं कमी पडणाऱ्या कामांची प्रांताची एक यादी असते. मारिविकचं काम त्यात होतं, तेवढं आम्हाला पुरत होतं. वेल्डरही त्याच यादीत आहे, हे बघायची कधी गरजच पडली नव्हती.

सोमवारी पेनरने मला मुखवटा आणि हातमोजे दिले. मी दांडा जोडला. त्याने घण घेऊन दणकून हाणला. जोड हलला नाही.

"उद्या किती वाजता येतोस?" त्याने विचारलं.

त्याने कायमच्या नोकरीचं पत्र दिलं. इंग्रजीच्या परीक्षेची तयारी आम्ही काम करता करताच केली. पेनर यंत्राखालून ओरडायचा, "हवामानाबद्दल बोल!"

"हवामान फार वाईट आहे."

"शाबास! या गावात एवढ्यावरच जन्म निघतो."

मी पास झालो. नवा अर्ज माझ्या नावाने गेला. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात प्रांताने माझी निवड केल्याचं कळलं. आता त्या निवडीवर परवाना वाढवून मागता येतो, आणि उत्तर येईपर्यंत काम करत इथेच राहता येतं. मनांगने कारखान्यात सगळ्यांना पान्सित, म्हणजे आमच्याकडच्या परतलेल्या शेवया, खाऊ घातलं. पेनरने तीनदा वाढून घेतलं आणि विचारलं, "हे रोज का करत नाही?"

त्या दिवशी कामावरून मी सरळ घरी गेलो नाही. दफनभूमीवर गेलो, थंड खोलीच्या दाराशी उभा राहिलो आणि मारिविकला सगळं सांगितलं. मग बुटाच्या टाचेने जमीन ठोकून बघितली. वरचा बोटभर थर चिखल झालाय, खाली अजून दगडच आहे.

मारिविकला पुरायचं अजून राहिलं आहे.