माडावरून गेलेला बटाटा

हवा कोंडून ठेवणे हेच व्हिन्सेंट यांचे आयुष्यभराचे काम होते. तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन ते कॉम्प्रेसरच्या कारखान्यात लागले आणि निवृत्त होईपर्यंत टाक्यांची तपासणी करत राहिले. टाकी गळता कामा नये, फुटता कामा नये. कोंडलेली हवा मोकळी केली तर काय करू शकते, हे पाहण्याची वेळ मात्र त्यांच्यावर कधी आली नव्हती.

ती वेळ मेहुण्याने आणली. पत्नी सेलिनचा धाकटा भाऊ एरॉल पापडी गावातच त्यांच्या शेजारी राहत असे. अंगणातल्या उंच माडावर दर नाताळात तो स्वतः चढून कागदी तारा बांधी. तीन वर्षांपूर्वी तारा उतरवताना त्याचा पाय निसटला. जीव वाचला, पण कमरेखालचे अंग गेले. तेव्हापासून माड अंधारात होता. त्याच्यावर दुसऱ्या कुणाचा पाय लागायचा नाही, असे एरॉलने सर्वांना बजावले होते. आणि आता नाताळ आटोपताच माड तोडायला यायचे, असे लाकूडतोड्या काळूरामला सांगूनही ठेवले होते.

"रोज डोळे उघडले की समोर तोच," एरॉल म्हणाला होता. "मी आडवा आणि तो उभा. किती दिवस बघू?"

पण माड गेला की हा माणूस खिडकीपाशीसुद्धा यायचा नाही, अशी धास्ती व्हिन्सेंट यांच्या मनाने घेतली होती. पाय न लावता तारा वर जायला हवा होता. ताऱ्याआधी दोरी, दोरीआधी मासे गळाला लावायचा बारीक नायलॉनचा दोरा, म्हणजे तंगूस, आणि तंगुसाआधी तो वाहून नेणारे काहीतरी.

"दगड भिरकवा की," सेलिन म्हणाली.

"दगड पडला तर कौल फुटतं. बटाटा पडला तर भाजी होते."

त्यांनी जाड लोखंडी टाकी घेतली, तिला एका फटक्यात उघडणारी झडप आणि लांब नळी जोडली. हवा भरण्याआधी टाकीत पाणी भरून दाब दिला. पाण्याच्या दाबाने टाकी फुटली तर माणूस भिजतो, हवेच्या दाबाने फुटली तर मरतो, हे त्यांनी कित्येक नव्या कामगारांना शिकवले होते. टाकी टिकली. मगच ते दोघे सामान घेऊन भातकापणी झालेल्या मोकळ्या शेतात गेले.

"नातवंडांनी विचारलं, आजी कुठंय, तर काय सांगायचं? तोफखान्यात?" सायकलचा पंप मारता मारता सेलिन धापा टाकत म्हणाली.

"मागे सरक. कानांवर हात ठेव."

त्यांनी झडप उघडली. धप्प असा एकच आवाज झाला आणि नळीतून पांढरी वाफ निघाली. बटाटा दिसलाच नाही. मग शेताच्या पलीकडे, ताडांच्याही वर, एक काळा ठिपका दिसला. तो वर जातच राहिला, क्षणभर जणू तिथेच टांगला आणि मग सावकाश उतरू लागला. बांधावरच्या टिटव्या ओरडत उठल्या. सेलिनने क्रुसाची खूण केली. व्हिन्सेंट झडपेवरचा हात काढायलाही विसरले. त्यांनी जन्मभर राखण केलेल्या हवेत एवढे बळ होते! आणि ते त्यांना फक्त काट्यावरचा आकडा म्हणून माहीत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तोफ एरॉलच्या अंगणात आली. एरॉल खिडकीत होता.

"काय भावोजी, मिलिटरीत भरती झालात?"

व्हिन्सेंट यांनी बटाट्याला तंगूस बांधला, त्याचा उरलेला सैल वेढा बादलीत ठेवला आणि झडप उघडली. बटाट्याचे दोन तुकडे झाले. एक केळीत गेला, दुसरा सेलिनच्या पायाशी पडला. तंगूस नळीच्या तोंडाशी लोंबत राहिला.

"वेफर पाडताय होय?" एरॉल हसला. पण लगेच त्याचा आवाज पडला. "सोडा, भावोजी. त्या माडाला आता तारा नको."

खिडकीचे एक दार लागले.

"उकडलेला बटाटा मी दोऱ्यानंच कापते," सेलिन पुटपुटली. "विचारायचं तरी!"

व्हिन्सेंट यांनी कोटाचे मोठे बटण तोडले. नव्या बटाट्यातून तंगूस ओवला आणि मागच्या अंगाला बटणात गाठवला. आता ओढ दोऱ्याच्या धारेवर न येता बटणभर पसरणार होती. ते नळीचा रोख धरू लागले, तोच मागून चाकांचा आवाज आला. तीन वर्षांत अंगणात न आलेला एरॉल चाकाच्या खुर्चीत, दोन्ही हातांनी रेटा देत, त्यांच्याकडे येत होता.

"असा उडवलात तर शेंड्यात अडकेल," तो चिडून म्हणाला. "वारा खाडीकडून आहे. या वेळी झावळ्या विहिरीकडे कलतात, मधे वाट होते. सरका."

व्हिन्सेंट बाजूला झाले. एरॉलने नळी किंचित वळवली, वर पाहिले, एक झुळूक जाऊ दिली आणि झडप ओढली.

बादलीतला तंगूस जिवंत झाला. वेढ्यामागून वेढा उठत होता, जणू आभाळातून कुणी तो ओढून घेत होते. बटाटा झावळ्यांमधून गेला आणि विहिरीपलीकडे पडला. मावळतीच्या उजेडात माडाच्या शेंड्यावरून एक चकाकती रेघ दोन्ही बाजूंनी जमिनीपर्यंत उतरली होती.

मग तंगुसाने दोरी वर नेली, आणि दोरीला तारा व दिव्याची वायर बांधली गेली. व्हिन्सेंट यांनी ओढायला हात पुढे केला, पण एरॉलने दोरी केव्हाच मुठीत घेतली होती. त्याचे दंड अजूनही माडावर चढणाऱ्याचे होते. एकेक हात ओढत त्याने तारा खोडाशेजारून वर नेला. आपण जिथून पडलो त्या जागेच्याही वर. सेलिनने दिव्याचे बटण दाबले. अंधारलेल्या झावळ्या एकदम हिरव्या झाल्या.

"काळूरामला काय सांगू?" तिने हलकेच विचारले.

एरॉलची मान वरच होती.

"सांग, नाताळला जेवायला ये. कुऱ्हाड घरी ठेव म्हणावं."