गळ्यातले काडतूस

पुष्कळ घरांत जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा जेवणासाठी नसतो. कुठे तिथे शिवणयंत्र ठाण मांडून बसते, कुठे मुलांच्या वह्या, कुठे औषधांचा डबा. या घरात त्या कोपऱ्यावर मणी, तारा, चिमटे, गोंदाच्या नळ्या आणि दागिने टांगायची एक लाकडी फळी होती. घरची माणसे ताटे सरकवून उरलेल्या जागेत जेवत आणि कुणाची त्याबद्दल तक्रार नव्हती. नोकरी सुटल्यावर हातावर हात धरून न बसता घरच्या गृहिणीने हा उद्योग स्वतःच्या हिमतीवर उभा केला होता. सारी इमारत तिला ‘वहिनी’ म्हणूनच ओळखे. तिच्या कानातल्यांना चौकातल्या बुटीकमध्ये चांगली मागणी होती. ‘वहिनींनी केलंय, घरगुती आहे,’ एवढे कानावर पडले की गिऱ्हाईक पुढे काही विचारत नसे.

अलीकडे एक नवेच खूळ निघाले होते. बंदुकीचे काडतूस साखळीत अडकवून गळ्यात मिरवायचे! शहराबाहेर गोळीबाराच्या सरावाचे मैदान होते. तिथे पडलेले पितळ गोळा होऊन भंगारवाल्याकडे पोत्याने येई. वहिनी आधी त्यातल्या रिकाम्या पुंगळ्याच आणत असे. परंतु रिकामी पुंगळी तोंड उघडे टाकून बसलेली, पोकळ. बुटीकवाली नाक मुरडून म्हणाली, "वहिनी, टोक असलेलं आणा हो. हे पेन हरवलेल्या टोपणासारखं दिसतं."

भंगारवाल्याकडे टोक असलेली काडतुसेही होती. त्याने वहिनीला खूण शिकवली. काडतूस उलटे करायचे आणि बूड पाहायचे. मधोमध ठोक्याचा खळगा दिसला, तर ते मेलेले. बूड गुळगुळीत असले, तर जिवंत, आणि तसले आपण ठेवतच नाही. वहिनी काटेकोर बाई होती. ती एकेक बूड खिडकीच्या उजेडात धरून तपाशी. शिवाय घरात ज्योत पेटवायला नको म्हणून ती साखळीची कडी बुडाला डाग देऊन जोडत नसे, गोंदाने चिकटवी. आपण जबाबदारीने काम करतो, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

त्या शनिवारी दुपारी तिची नणंद जेवायला आली. नणंद सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात शल्यविशारद होती. वयाने आणि अधिकाराने ती साऱ्या घराची ‘ताई’. आल्या आल्या तिने भावाच्या शर्टावरचा डाग हेरला.

"काय रे बंड्या, विम्याच्या कचेरीत जन्म काढलास, आणि स्वतःच्या शर्टाचा विमा नाही उतरवलास?"

"उतरवला असता," बंड्या म्हणाला, "पण जेवताना झालेलं नुकसान आम्ही धरत नाही."

हसतहसतच ताईने खुर्ची ओढली आणि तिची नजर लाकडी फळीवर गेली. फळीला काडतुसांची ओळ लटकत होती. घासून पुसून लखलखीत केलेली, मानेभोवती नाजूक तार गुंडाळलेली. ताईचे हसू मावळले.

"हे काय आहे?"

"नवीन डिझाइन!" वहिनी उत्साहाने म्हणाली. "पुढच्या आठवड्यात बुटीकमध्ये प्रदर्शन आहे, फक्त माझ्या कामाचं. तुम्हाला आवडलं असेल तर एक काढून देऊ?"

"हात लावू नकोस त्याला. बंड्या, ऊठ. दोघंही टेबलापासून लांब व्हा."

"अहो ताई, घाबरलात की काय? मेलेली आहेत ती. बुडाला ठोका आहे, मी एकूण एक तपासून घेतलीत."

"ठोका कशाचा?"

"बंदुकीचा. घोडा ओढला की आतला खिळा बुडावर आपटतो."

"आणि आपटल्यावर काय होतं?"

"गोळी सुटते."

"मग ही टोकावर बसलीय, ती कोण?"

वहिनीने फळीकडे पाहिले. रोज हाताळलेली ती तांबूस टोके आपापल्या जागी घट्ट बसली होती.

"ठोका बसला आणि गोळी सुटली नाही," ताई म्हणाली, "म्हणजे बार फसला. फसलेलं काडतूस शिपायानं काढून टाकलं असेल, कुणीतरी ते उचललं. दारू आत जशीच्या तशी आहे. ती पेटवणारी बुडातली टिकली तर दुखावलेली. ती उष्णतेनं उडेल की धक्क्यानं, की कधीच उडणार नाही, हे मी सांगू शकत नाही, तू सांगू शकत नाहीस, आणि तुझा तो भंगारवाला तर मुळीच नाही. तू ज्याला मेल्याची खूण समजतेस ना, ती फसल्याची खूण आहे!"

"मग रिकाम्या पुंगळ्या वापरू का?"

"रिकामी कुठली आणि भरलेली कुठली, हे ठरवणार कोण? तू? मैदानावरचं काही घरात येताच कामा नये."

माणसाला आपली चूक दिसली की तो बहुधा आधी चिडतो. वहिनीही चिडली.

"तुम्हाला त्या विभागात बसून जिकडेतिकडे अपघातच दिसतात, ताई. मागे आमच्या गॅसच्या नळीलासुद्धा नावं ठेवली होतीत."

"मग बदललीत ना नळी?"

"बदलली," बंड्या हळूच म्हणाला. "आतून चिरली होती."

"तुम्ही गप्प बसा हो!" वहिनीचा आवाज चढला. "नोकरी गेली तेव्हा कुणी विचारलं नाही, आता काय करणार म्हणून. मी हे उभं केलं. पहिल्यांदा कुणी माझ्या नावाचं प्रदर्शन लावतंय, तर लगेच काहीतरी खोट काढायची! सगळं शहर घालतंय हे गळ्यात. आजवर कुणाला काही झालंय?"

ताईने आवाज चढवला नाही. ती फक्त उभी राहिली.

"‘आजवर कुणाला काही झालंय?’ माझ्यासमोर पडलेल्या माणसाचे नातेवाईक पहिलं वाक्य हेच बोलतात. आधी काही झालं नव्हतं हो! अगं, न झालेला अपघात म्हणजे काय सुरक्षिततेचा दाखला असतो? माणूस मारायला बनवलेली वस्तू आपण गळ्यात घालतो, वर तिला तार गुंडाळून सुंदर म्हणतो, आणि ती आपला स्वभाव सोडेल अशी अपेक्षा करतो! तुझं काम लहान आहे असं मी कधी म्हटलंय? लोक तुझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतात, म्हणूनच मला भीती वाटते. किती जणांकडे गेलीत ही?"

"फार नाही. थोडे नमुने फक्त." वहिनी नाइलाजाने आठवू लागली. "दोन-तीन मैत्रिणी. एक ते व्यायामशाळेतले सर. त्यांचीच काय ती कडी निसटली. सकाळी फोन आला होता, तेव्हा मीच म्हटलं, कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडून डाग देऊन..."

वाक्य तिथेच तुटले. डाग! म्हणजे ज्योत. म्हणजे बुडाला लावलेली निळी, धारदार ज्योत!

सरांनी फोन लगेच उचलला. "हो, मघाशीच ठेवून आलो. संध्याकाळी न्यायला या म्हणालेत." घड्याळवाल्याचा फोन मात्र वाजत राहिला. डोळ्याला भिंग लावले की तो माणूस फोन घेत नाही, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होते. एरवी लोक त्याचे कौतुक करत. वहिनी पायांत चपला न घालताच जिना उतरली. मागोमाग ताई, मागोमाग बंड्या. भाजीची गाडी, शाळा सुटल्याची गर्दी, औषधांचे दुकान. वळणापाशी तिघे पोहोचले तेव्हा सायकलचे टायर फुटावे तसा आवाज झाला. मोठा नव्हता. दोघांतिघांनी मान वळवली आणि पुन्हा आपापल्या वाटेला लागले.

दुकान कपाटाएवढे. भिंतीवर घड्याळे टिकटिकत होती. घड्याळवाला स्टुलावर बसून स्वतःच्या डाव्या हाताकडे पाहत होता, जणू तो हात दुरुस्तीला आलेला आहे आणि त्याचा मालक अजून यायचा आहे. उजव्या डोळ्यावरचे भिंग तडकले होते.

"वहिनी," तो म्हणाला, "हे कशाचं होतं हो?"

ताईने वहिनीच्या खांद्यावरची ओढणी ओढून घेतली आणि त्याचा हात घट्ट बांधला. बंड्या रिक्षा आणायला धावला.

भिंगाने डोळा वाचवला. हाताचे तसे झाले नाही. पितळ फाटून त्याचे तुकडे घुसले होते. अंगठा आणि तर्जनी यांची पेरे ताईला वाचवता आली नाहीत. घड्याळवाल्याची नेमकी तीच बोटे! त्यांच्यात धरून तो केसाएवढी कमान तिच्या जागी बसवत असे.

शस्त्रक्रियेच्या दालनाबाहेर त्याची बायको बाकावर बसली होती. तिने वहिनीला ओळखले आणि सरकून शेजारी जागा करून दिली. ते वहिनीला सर्वांत असह्य वाटले.

"ह्यांनी विचारलं होतं हो," ती सांगू लागली. "मी डबा घेऊन तिथेच आले होते. ‘साहेब, आत काही नाही ना?’ असं विचारलं. तर ते व्यायामशाळेतले सर म्हणाले, ‘छे हो, वहिनींनी केलंय, घरगुती आहे.’ मग हे म्हणाले, वहिनींचं असेल तर प्रश्नच नाही."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर वहिनीने तो सुखाने झेलला असता.

बंड्याने बायकोला बाजूला घेतले. "अगं, आत्ता तोंड उघडू नकोस. आधी वकिलाला विचारू. तसं बघितलं तर ज्योत काही आपण लावली नाही. भंगारवाल्यानं फसवलं, सरांनी सांगितलं नाही, आणि घड्याळवाल्यानंही..."

"घड्याळवाल्यानं काय हो?" वहिनी कडाडली. "त्यानं विचारलं होतं! आपल्या सगळ्या साखळीत प्रश्न विचारणारा तो एकटा माणूस होता, आणि बोटं त्याची गेली! मी बनवलं, मला काही झालं नाही. सरांनी मिरवलं, त्यांना काही झालं नाही. बुटीकवालीला टोक हवं होतं, तिच्या केसालाही धक्का लागला नाही. आणि तुम्ही म्हणता गप्प बस? विमा नाकारायचं पत्र लिहिताय का तुम्ही?"

बंड्याची मान खाली गेली. मग तोच म्हणाला, "चल. पोलीस ठाणं मागच्या गल्लीत आहे. मी येतो बरोबर."

तिने काही लपवले नाही. बॉम्बशोधक पथकाची माणसे येईपर्यंत इमारतीचा तो मजला रिकामा करण्यात आला. ज्या शेजाऱ्यांनी तिच्या कामाचे कौतुक केले होते, ते मुले कडेवर घेऊन रस्त्यावर उभे राहिले आणि तिच्याकडे पाहत राहिले. तिच्यामागे चौकशी लागली. ज्यांना नमुने दिले होते, त्यांची नावे तिने स्वतः सांगितली आणि त्यांच्याकडूनही काडतुसे परत घेतली गेली. घड्याळवाल्याचा हात बरा होईपर्यंत त्याच्या घराची जबाबदारी आपली, असे तिने त्याच्या बायकोला सांगितले. बायकोने ‘बरं’ म्हटले. घड्याळवाल्याने मात्र वहिनी भेटायला गेली, तेव्हा भिंतीकडे तोंड फिरवले. तो त्याचा हक्क होता.

चौकातल्या बुटीकच्या काचेत मात्र दुसऱ्या कुणीतरी केलेली काडतुसे तशीच झळकत होती. ज्या दिवशी तिचे प्रदर्शन भरायचे होते, त्या दिवशी वहिनी आत शिरली. दुकानात गिऱ्हाइके होती.

"ही उतरवा," ती म्हणाली.

"वहिनी, प्लीज, हळू बोला," बुटीकवाली कुजबुजली. "तुमचं झालं ते वाईटच झालं. पण ही दुसरीकडची आहेत. अहो, काही होत नाही."

"हेच मी म्हणाले होते. याच आवाजात!" वहिनी गिऱ्हाइकांकडे वळली. "ऐका हो सगळे. घड्याळवाल्याची बोटं माझ्या दागिन्यानं गेली. भरलेलं कुठलं आणि रिकामं कुठलं, ते मला कळत नव्हतं. या बाईंनाही कळत नाही. तुम्हाला कळतं का?"

आरशासमोर उभ्या असलेल्या एका तरुणीचा हात नकळत गळ्याकडे गेला. तिने काडतुसाची साखळी काढली आणि दारापाशी ठेवलेल्या कचऱ्याच्या डब्याकडे निघाली.

"तिथे नको!" वहिनी ओरडली. "बाळ, थांब. तिथे टाकलंस तर उद्या सकाळी ते कचरा वेचणाऱ्या बाईच्या हातात जाईल. मग भट्टीवर काम करणाऱ्या माणसाच्या. आपण टाकून दिलं असं आपल्याला वाटतं गं. आपण ते फक्त दुसऱ्याच्या हातात दिलेलं असतं. सावकाश खाली ठेव आणि लांब हो. मी पोलिसांना फोन लावते."

तरुणीने साखळी जमिनीवर ठेवली. बुटीकवालीने क्षणभर वहिनीकडे पाहिले, मग स्वतःच दार उघडून गिऱ्हाइकांना बाहेर काढले.

वाचकहो, कुठे असे काडतूस आढळले तर त्याला हात लावू नका, ते घरी आणू नका, पोलिसांना कळवा. जाणकार म्हणवणाऱ्याच्या खुणांवर तर मुळीच विसंबू नका. आणि ‘काही होत नाही’ हे वाक्य ओठांवर आले, की एक प्रश्न स्वतःला जरूर विचारा: कुणाला काही होत नाही? बहुतेक वेळा त्याचा अर्थ ‘मला’ एवढाच असतो. आपल्या हौसेची किंमत मोजणारा माणूस त्या क्षणी कुठल्यातरी लहानशा दुकानात, आपल्यावर विश्वास ठेवून, मान खाली घालून काम करत बसलेला असतो.