रिकामा मोजा आणि धाकटा पाना

जिथे पाणी कधी गोठतच नाही, तिथल्या घराचे नळ जाताना रिकामे का करायचे? हे मला आजवर कुणी सांगितलं नाही. आता ज्याला विचारावं, तो माणूसच राहिला नाही.

मी एक पाना आहे, नळ खोलायचा, आठ इंची. माझं शिक्षण दोनच धड्यांचं: उजवीकडे आवळायचं, डावीकडे सोडायचं. तेही मी थोरल्याच्या आधाराने शिकलो. थोरला बारा इंची. फिनलंडमधल्या दुकानात आम्ही एकाच खोक्यात होतो आणि आमच्या मालकाने, ऑस्मोने, आम्हाला एकत्रच घेतलं. नळाच्या कामाला दोन पाने लागतात. एकाने पाइप धरायचा, दुसऱ्याने फिरायचं. धरायचा थोरला, फिरायचो मी. मी घाईचा, निसटून ऑस्मोची बोटं सोलायचो. थोरला जागचा हलायचा नाही.

दर ऑक्टोबरात, बर्फ पडायच्या आधी, ऑस्मो आणि त्याची बायको हिल्का मोरोक्कोत सिदी इफनीला यायचे, समुद्राजवळच्या त्याच भाड्याच्या घरात. आम्ही बॅगेत, लोकरी मोज्यांच्या एका जोडीत, एका मोज्यात एक. आल्या आल्या पहिलं काम आमचं. कारण एप्रिलमध्ये निघताना ऑस्मो खालचं बूच काढून घरातलं सगळं पाणी सोडून द्यायचा, फिनलंडमधल्या आपल्या तळ्याकाठच्या घरात सोडायचा तसं. तिकडे पाणी गोठून पाइप फुटतात. इथे उन्हाळाभर कोरड्या नळांतले रबरी वायसर वाळून तडकायचे आणि चारही नळ गळायचे.

शेजारचा मासेवाला हम्मू भिंतीवरून बघायचा.

"काय ऑस्मोकाका, यंदा आमच्याकडे बर्फ किती पडला?"

"हस लेका, हस. चहा घेऊन इकडे ये."

"आणतो. पण पाणी का सोडता, ते सांगा ना!"

ऑस्मो नुसता हसायचा आणि नवा वायसर कापायला घ्यायचा.

गेल्या जूनमध्ये तळ्याकाठी लाकडं फोडताना ऑस्मो जरा टेकायला म्हणून बसला, तो उठलाच नाही. शवपेटी बंद व्हायच्या आधी हिल्काने थोरल्याला त्याच्या हाताशी ठेवलं. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मीही गेलो असतो.

मग ऑक्टोबरात हिल्का एकटी आली. बॅगेत मी, आणि शेजारी रिकामा मोजा. तिने मला मोरीतल्या नळाला लावून जोर दिला, तर अख्खा पाइपच पिळवटायला लागला. धरायला कुणी नव्हतं. मी चिडून निसटलो. ती ओल्या फरशीवरच बसली.

"नाही जमत," ती म्हणाली. "उद्याच परत जाते."

परत म्हणजे त्या अंधाऱ्या हिवाळ्यात, एकटी.

आवाज ऐकून हम्मू आला. हातात त्याच्या गाडीचा गंजका पाना, माशांचा वास मारणारा.

"उठा काकू. मी धरतो, तुम्ही फिरवा."

"तुला येतं हे?"

"बारा वर्षं भिंतीवरून फुकट शिकलोय की!"

ती रडता रडता हसली.

मला तो गंजका नको होता. ती जागा थोरल्याची होती. पण त्याने पाइप धरला आणि तो हलला नाही. मी फिरलो. नळ गळायचा थांबला. चौथा नळ होईपर्यंत माझा राग उतरला होता. त्या गंजक्याचे उपकार मी विसरणार नाही. हिल्का हिवाळाभर राहिली. हम्मूच्या बायकोबरोबर तिने लिंबं मिठात घातली, गच्चीवर मासे भाजले.

काल ती निघाली. आता यायची नाही, गुडघे साथ देत नाहीत. सकाळीच तिने रिकामा मोजा गंजक्याला चढवला आणि आम्हा दोघांनाही हम्मूकडे दिलं. जाताजाता मात्र तिने मला पुन्हा मागून घेतलं आणि सवयीने वाकून खालच्या बुचाला लावलं. बूच सैल झालं, पाणी ठिबकू लागलं.

"काकू, आता तरी सांगा. का सोडायचं पाणी?"

"मी कधी विचारलंच नाही रे," हिल्का म्हणाली. "वाटायचं, त्याला माहीत असेल."

ऑस्मोने मला बारा हिवाळे ऊन दाखवलं, त्याच्यासाठी आता मी काय करणार होतो?

"राहू दे पाणी," ती म्हणाली. "उन्हाळाभर नळ सोडून अंगणातल्या लिंबाला घालत जा."

गंजक्याने पाइप धरला. मी उजवीकडे फिरलो, अगदी घट्ट होईपर्यंत, आणि या वेळी निसटलो नाही.