तापात उतरलेला आकडा

आमच्या ह्यांचं कोलेस्टेरॉल उतरलं, आणि घरात दिवाळी आली.

झालं असं की थंडीत हे, म्हणजे हिलालराव, फ्लूने आठ दिवस पडून होते. ताप असतानाच रक्त तपासलं, त्यात हट्टाने चरबीचीही तपासणी करून घेतली. दोन वर्षं गोळ्या खाऊन न हललेला आकडा एकदम खाली! ह्यांनी त्याच दिवशी गोळ्यांची पाकिटं फेकली आणि गिरधरला, माझ्या धाकट्या दिराला, फोन लावला. "रविवारी शेतात भरीत."

"भाऊ, रिपोर्ट बठ्ठा भारी शे! आते हात सैल सोडीसन तेल टाकू!" गिरधर पलीकडून ओरडला.

"अहो, खोकला तरी जाऊ द्या," मी म्हटलं.

"तुला माझं चांगलं बघवत नाही."

आमच्यात वांगी ठेचायचा मान थोरल्याचा. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी बडगीत, म्हणजे लाकडी उखळीत, पडली, ह्यांनी मुसळ उचललं. दहा घावही झाले नसतील, थांबले. एवढ्या थंडीत कपाळावर घाम. एक हात जबड्यावर.

"काय होतंय?"

"काही नाही. मिरचीचा ठसका."

मिरच्या माझ्या ओच्यात होत्या. अजून भाजायच्याच होत्या.

"गिरधर, गाडी काढ. धुळ्याला."

"मुसळ मधेच सोडत नसतात," हे म्हणाले.

मी ते काढून घेतलं आणि जावेच्या हातात दिलं. "आजपासून थोरली रत्ना. चला."

अर्ध्या तासात धुळं गाठलं, डॉक्टरांनी हृदयाची बंद पडलेली नस मोकळी केली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर दिपमाला म्हणाल्या, "काका, तापात हा आकडा काही दिवस खाली येतो. बरं वाटलं की परत चढतो. शिवाय फ्लूच्या सुजेने नसेत साठलेली चरबी फुटून नस बंद पडू शकते. म्हणजे गोळी सोडायचे दिवस हे नव्हतेच. कोणी बंद केली?"



संध्याकाळी गिरधर माझ्यासाठी भरताचा डबा घेऊन आला. ह्यांनी लांबूनच वाकून पाहिलं. "ढेकळं राहिली. रत्नाचा हात हलकाच."

मी त्यांच्या तळहातावर गोळी ठेवली. "मुसळ पुढच्या हिवाळ्यात परत मिळेल. ही रोज."

निमूट गिळली. मग म्हणाले, "मिरच्या तेवढ्या वेळेवर भाजत जा. ठसका तरी खरा वाटेल."

मी हसले. पाणी आणते म्हणून बाहेर गेले, आणि रिकामा तांब्या घेऊन बराच वेळ तशीच उभी राहिले.