ग्रिझेलच्या घशात अडकलेला शब्द

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे. ‘पर्निकेटी’ हे माझे नाव. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर मी वाढलो. माझे आईवडील कोण, ते पंडितांनाही सापडले नाहीत. बारीकसारीक गोष्टींचा कीस पाडणाऱ्या माणसाला लोक मला चिकटवतात. पुढे अमेरिकेत गेलो, तर तिथल्यांनी माझ्या पोटात एक ‘स’ घुसडला. पण माझा जीव अडकला तो ग्रिझेल नावाच्या कोळणीपाशी.

तिचा नवरा डॉड लांब दोरीला शेकडो गळ लावून मासे धरी. गळांना शिंपल्यांचे मांस टोचून दोरी टोपलीत रचायचे काम ग्रिझेलचे. गळात गळ अडकू नये म्हणून ती प्रत्येक थरावर गवत अंथरी. वेळ लागे. सासू नॅन्स दारातून ओरडे, “अगं ए पर्निकेटी! मासे काय तुझी टोपली बघून टाळ्या वाजवणार आहेत?”

चर्चमध्ये बायका कुजबुजत, “पर्निकेटी आली गं, बाकं पुसा!”

मला कुणी विचारले नाही. तिच्या अंगाला मी असा चिकटलो, की सुटता येईना.

एका सकाळी ग्रिझेलने चिडून, गवत न घालताच दोरी टोपलीत कोंबली.

“बघ, जमतं की तुला!” नॅन्स म्हणाली.

नवऱ्याचे पाय कोरडे राहावेत म्हणून, तिथल्या कोळणींच्या रीतीप्रमाणे, ग्रिझेलने टोपली धरलेल्या डॉडला पाठीवर घेतले आणि ती पाण्यातून होडीकडे निघाली. त्याचा कान तिच्या तोंडाशीच होता. ‘टोपली परत दे, दोरी नीट रचते,’ एवढेच म्हणायचे होते. पण मी तिच्या घशात आडवा पडलो होतो. मला बाजूला होता येईना. होडी गेली.

संध्याकाळी डॉड परतला, तो हाताला रक्ताळलेले फडके गुंडाळून. गुंतलेल्या दोरीला हिसका बसला, गळ तळहातातून आरपार गेला. पाण्यात ओढला जाता जाता तो थोडक्यात वाचला.

“पाठीवर होतास तेव्हाच सांगणार होते,” ग्रिझेल म्हणाली.

“मग सांगितलं का नाहीस?”

“पुन्हा तेच नाव ठेवलं असतं सगळ्यांनी.”

नॅन्स उठून बाहेर गेली. आली ती ओंजळभर नव्हे, ओचाभर गवत घेऊन. सुनेपुढे ते ओतत पुटपुटली, “घे. एकही थर सोडू नकोस, पर्निकेटी.”

त्या घरातून माझी सुटका काही झाली नाही. पण मित्रांनो, मला कुणाला चिकटवण्याआधी त्याच्या हातातले काम जरा बघा. घशात एकदा आडवा पडलो, की मला आपणहून उठता येत नाही.